टोपी काढली म्हणजे झालं

आपल्याच मोटरहोममध्ये, चाकांवरच्या त्या घरात, उजव्या बाजूला बसायची वेळ सेल्मर टॉलेफसनवर पहिल्यांदाच आली होती, आणि या बाजूला बसून माणसं पायांचं करतात तरी काय, हे त्याला कळेना. त्याचा उजवा पाय दर वळणाला खाली दाबून ब्रेक शोधत होता. ब्रेक होता डावीकडे, तिकडच्या गाड्यांत असतो तसा, त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या पायाखाली, आणि तिला तो फारसा लागतही नव्हता.

"पत्र्याला भोक पाडशील," आर्डिस रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तोंडानं नाही बोललास."

कॅनडात सस्कॅचेवानच्या त्या कोपऱ्यातली म्हातारी मंडळी अकरा नोव्हेंबरला गावातल्या शहीदस्तंभापाशी गारठत उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी कोटावरचं लाल कापडी फूल गाडीच्या आरशाला अडकवून हिवाळा काढायला अमेरिकेच्या दक्षिणेची वाट धरतात. त्याआधी निघणं म्हणजे गावाला पाठ दाखवणं, आणि त्यानंतर रेंगाळणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. टॉलेफसन मंडळी शेती पुतण्याच्या हवाली केल्यापासून दर साल अशीच निघत आली होती. यंदाही निघाली. फक्त यंदा चाक आर्डिसच्या हातात होतं.

सेल्मरच्या डोळ्यांनी दगा दिला होता. साधा नव्हे, चावट दगा. नजरेच्या मधोमध धुरकट डाग, आणि कडेनं मात्र सगळं स्वच्छ. आर्डिसचा चेहरा बघायचा तर त्याला तिच्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघावं लागे. उन्हाळ्यात त्यानं आपण होऊन लायसन्स परवाना-कचेरीच्या काउंटरवर ठेवलं आणि घरी येऊन किल्ली आर्डिसच्या पुढ्यात ठेवली.

मग त्यांची मुलगी कोरीन सास्काटूनहून आली. ती आईवर गेलेली, म्हणजे गोड बोलून मुद्द्याचं बोलणारी. "आई, एवढं धूड तू आयुष्यात कधी चालवलेलं नाहीस," ती म्हणाली. "जायचंय तर जा. पण गाडीला कुठं एक जरी खरचटलं, तरी पुढच्या हिवाळ्यापासून तुम्ही दोघं माझ्याकडे. तळघर छान करून ठेवलंय मी."

तळघर खरोखरच छान होतं. गालिचा होता, टीव्ही होता, छताजवळ बूट ठेवायच्या खोक्याएवढी खिडकी होती, आणि डिसेंबर ते मार्च तिच्यातून फक्त बर्फाची भिंत दिसे. सेल्मरला ती खिडकी स्वप्नात यायची. दक्षिणेत त्याला अजून पुष्कळ दिसत होतं. उजेड होता, डोंगराच्या कडा होत्या, हात लावला की कळणारी लिंबाची झाडं होती. ते सगळं आता आर्डिसच्या दोन हातांवर अवलंबून होतं, आणि त्याला त्यात बोटसुद्धा लावता येत नव्हतं.

सरहद्दीवर कोवळ्या अधिकाऱ्यानं खिडकीत डोकं घालून विचारलं, "फळं, भाज्या, मांस, काही?"

"बटाट्याच्या पोळ्या आहेत," आर्डिस म्हणाली. "लेफ्सा. लोणी-साखर लावून."

"बटाटे शिजवलेले आहेत ना?"

"शिजवले, कुस्करले, लाटले, भाजले. अजून काय करायला हवं होतं त्यांचं?"

पोरगा हसला आणि त्यानं हात हलवून जायला सांगितलं. एरवी या ठिकाणी सेल्मर बोलत असे, उगाच तीन वाक्यं जास्त बोलत असे, आणि हमखास गाडी उघडून दाखवावी लागे.

मोंटाना ओलांडून मोनिडा खिंडीच्या चढाला लागले, तेव्हा आडवा वारा सुटला. बर्फ वरून पडत नव्हता, रस्त्यावरूनच सरपटत येत होता. गाडी एका अंगाला कलायची, आर्डिस तिला हळूच परत आणायची. सेल्मरनं दांडी गच्च धरली होती.

"दाबून काढ," तो म्हणाला. "पलीकडे उतार लागला की वारा पडतो. खिंडीत थांबायचं नसतं. मी कधी थांबलोय?"

"नाही थांबलास. म्हणून तर त्या वर्षी चारीत बसून तुझी बढाई ऐकली अख्खी दुपार."

तिनं पुढच्या थांब्यावर गाडी आत घेतली, मोठा वळसा मारून नाक बरोबर वाऱ्याकडे केलं, इंजिन बंद केलं आणि विणकाम काढलं. मोटरहोम एकदम शांत झाली. आडवी उभी असती तर पाळण्यासारखी हलली असती. सेल्मरनं दांडीवरचा हात सोडला. वाऱ्याला नाक द्यायची अक्कल त्याला होती, नाही असं नाही. ती वापरायला लागणारा धीर मात्र त्याच्यापाशी कधीच नव्हता.

वारा पडल्यावर निघाले, तर मैलभर पुढं एक लांबलचक ट्रेलर कुशीवर पडला होता. चालक पांघरूण लपेटून पोलिसाच्या गाडीशी उभा, सहीसलामत. 'बघ, सांगितलं होतं ना' हे वाक्य सेल्मरनं आर्डिसशी संसार करताना हजारदा वापरलं होतं. तिनं ते आताही वापरलं नाही. त्यानं तिच्या कानापलीकडे नजर टाकली आणि कडेनं तिचे हात बघितले. चाकावर सैल ठेवलेले, पोळी उलटताना असतात तसे.

हे हात आपण आधी पाहिलेत, असं त्याला वाटलं. पाहिले होतेच. सुगीत. सेल्मर हार्वेस्टरवर असायचा, आणि त्याच्या पिंपात गहू भरला की आर्डिस ट्रक घेऊन धावत्या यंत्राच्या बाजूला यायची. कुणी थांबायचं नाही. दोन्ही गाड्या हातभर अंतर राखून शेतातून शेजारी शेजारी चालायच्या आणि गव्हाची धार नळीतून ट्रकमध्ये पडायची. एवढ्या गदारोळात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून तो केबिनमधून हातानं खुणा करायचा. तळवा आपल्याकडे ओढला की जवळ ये. तळवा ढकलला की लांब हो. मूठ वळली की अशीच राहा. आणि डोक्यावरची टोपी काढली म्हणजे झालं, निघ. तरुणपणापासून दर सुगीत तिनं दाणा सांडू दिला नव्हता. आणि त्याच बाईला मोटरहोमच्या चाकाला त्यानं कधी हात लावू दिला नाही, का, तर म्हणे हे बायकांचं काम नव्हे. तो स्वतःशीच खाकरला.

"घसा धरला?" आर्डिसनं विचारलं.

"नाही. मूर्खपणा अडकला होता."

"तो गिळू नकोस. पोटात वाढतो."

इथवर ठीक चाललं होतं. पण दुसऱ्याच्या कौतुकावर किती दिवस बसून राहणार? सेल्मरला काहीतरी करायचं होतं. त्याच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, पाण्याचं. कॅनडातून निघताना गाडीच्या नळ्यांतून पाणी काढून न गोठणारं गुलाबी द्रव्य भरतात, आणि थंडीच्या मुलखातून बाहेर पडेपर्यंत पाणी कॅनमधलं वापरतात. युटाच्या पार दक्षिणेला सेंट जॉर्ज लागतं, तिथं पहिली ताडाची झाडं दिसतात. तिथं थांबून नळ्या धुवायच्या, टाकी भरायची आणि नळाच्या पाण्याची पहिली कॉफी करायची. हा टॉलेफसनांच्या घरचा सण होता, आणि नळ सोडायचा मान सेल्मरचा.

आयडाहोत मोटरहोमांच्या एका तळावर मुक्काम पडला. दुपार लख्ख होती, भिंतीच्या कडेचा बर्फ वितळून ओघळत होता. आर्डिस कपडे घेऊन धुलाईच्या खोलीत गेली. सेल्मरनं खिडकीला हात लावला. काच गरम लागली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. त्यानं पाइप चाचपून जोडला, गुलाबी द्रव्य धुऊन काढलं, टाकी भरली, सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं, आणि चुपचाप बसला. सकाळी तिला म्हणायचं, नळ सोड. गरम पाण्यानं तोंड धू. एवढंच त्याच्या मनात होतं.

सकाळी तो म्हणालाच. "आर्डिस, नळ सोडून बघ."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग नळ सोडला. आधी काहीच नाही. मग पंपाची घरघर, आणि मग पायाखालून, गाडीच्या पोटातून, पाणी पडल्याचा आवाज. आकाश रात्रभर निरभ्र होतं. पारा उणे अकरावर गेला होता. पंप मधोमध तडकला होता.

सेल्मर बोलणी खायला उभा राहिला. आर्डिसनं बाहेर जाऊन टाकी रिकामी केली, नळ्यांतलं पाणी काढलं, खालचा कप्पा जुन्या टॉवेलनं कोरडा केला. हात लालबुंद झाले तिचे. आत येऊन ते शेगडीवर शेकत म्हणाली, "तुझ्या मनात काय होतं ते कळलं मला. पण पंप सेंट जॉर्जशिवाय मिळायचा नाही. तोवर मेहरबानी कर, हात खिशात ठेव."

ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. मग त्यानं हात खिशात घातले, आणि अख्खा युटा खिशातल्या हातांनी पार केला. लेफ्सा खाण्यापुरते काढायचा, की परत आत. आर्डिसला दोनदा हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

सेंट जॉर्जला ताडाची झाडं होती, ऊन होतं, नवा पंप होता. कॉफीही झाली. पण नळ आर्डिसनं सोडला. मान काढून घ्यावा म्हणून नव्हे. "चल, सोड की," असं ती म्हणाली होती, पण सेल्मरचे हात खिशातून निघेनात.

कोरीनचा फोन आला, तेव्हा त्यानं आपण होऊन तो मागून घेतला.

"गाडीला काही झालं?" तिनं विचारलं.

"झालं. पंप फुटला. तुझ्या आईनं नाही, मी फोडला." आणि सगळं सांगितलं.

"बाबा, मी म्हटलं होतं ते आईच्या चालवण्याबद्दल. पंप माझ्या खात्यात नाही," ती म्हणाली. "पण खरी परीक्षा रस्त्यावर नसते. तिथं पोचून गाडी जागेवर लावायची असते ना, ती. तुझ्या सगळ्या मित्रांच्या गाड्या तिथंच ठोकल्यात. मागं उभं कोण राहणार आहे?"

हा प्रश्न सेल्मरला ॲरिझोनाभर पुरला. मागं आजवर आर्डिस उभी राहायची. गाडी उलटी घेताना बायको मागं उभी राहून हात करते आणि नवरा आरशात बघून मागं येतो, ही तिथली रीत. आणि झाल्यावर नवरा ओरडतो, हीसुद्धा.

यूमाच्या जवळ ते दर हिवाळ्यात राहत त्या तळावर आणखी एक रीत होती. दुपारी नव्या गाड्या यायला लागल्या, की आधीच पोचलेली मंडळी घडीच्या खुर्च्या आणि कॉफी घेऊन रांगेनं बसायची आणि येणारा गाडी कशी लावतो ते बघायची. तिकीट न काढता याहून चांगली करमणूक त्या मुलखात नव्हती. सेल्मरनं या खुर्चीत बसून कितीतरी नवरा-बायकोंची भांडणं चवीनं पाहिली होती. आज रांगेच्या मधोमध कॅनडातल्याच मॅनिटोबाचा लॉर्न वीब बसला होता, आणि आर्डिसला डावीकडच्या खिडकीत पाहून त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"सेल्मर, तुला कुणी काढून टाकलं रे?" तो ओरडला.

"बढती मिळाली," सेल्मर उतरत म्हणाला. "आता मी मालक आहे, ती ड्रायव्हर."

खुर्च्या हसल्या. त्यांची जागा नेहमीचीच, अगदी शेवटची. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड, मागं दगडी कठडा. जागा अरुंद. आर्डिसनं खिडकीची काच खाली केली.

"सेल्मर, खिशातून हात काढ," ती हळू म्हणाली. "मला लागणारेत."

तो मागं जाऊन उभा राहिला. आर्डिस करायची तशा खुणा त्यानं सुरू केल्या. एक हात वर, मग दोन, मग कोपर वाकवून काहीतरी. पहिल्याच दणक्यात त्याच्या लक्षात आलं, की तिच्या खुणा त्यानं आरशात नुसत्या पाहिल्या होत्या, शिकल्या कधीच नव्हत्या. गाडी उजवीकडे गेली, थांबली. डावीकडे आली, थांबली. लिंबाची फांदी छपराला खरखरली आणि ब्रेक करकचून लागला.

"अहो, तो डोंगराकडे बघून हात करतोय," रांगेतली कुणीतरी बाई म्हणाली. करत होताच. समोर बघितलं तर समोरचंच दिसत नव्हतं.

लॉर्न उठला. मनाचा चांगला माणूस, पण चांगल्या माणसांची मदत कधीकधी फार महाग पडते. "आर्डिस, उतर," तो म्हणाला. "मी लावतो. त्यात लाज कसली? पुढच्या वर्षीपासून मीच लावत जाईन."

आर्डिसचा हात दाराच्या कडीवर गेला, हे सेल्मरला कडेनं दिसलं. फांदी अजून छपराला टेकलेली होती, आणि आर्डिस बिचारी खरोखर दमली होती. दार उघडलं असतं, तर कोरीनला काय सांगायचं ते ठरलेलं होतं. गालिचा, टीव्ही, खोक्याएवढी खिडकी.

"लॉर्न, तुझी कॉफी गार होतेय," सेल्मर म्हणाला. "बस खाली."

आणि तो मागून निघाला. गाडीच्या बगलेला, डाव्या अंगाला, हार्वेस्टर जेवढ्या अंतरावर असायचा तेवढ्या अंतरावर जाऊन तिच्या आरशाच्या टप्प्यात उभा राहिला. टोपी कपाळावर ओढली. तोंड डोंगराकडे केलं, म्हणजे खांब एका कडेला दिसायला लागला आणि फांदी दुसऱ्या कडेला. दोन्ही एकदम, स्वच्छ. मग त्यानं तळवा स्वतःपासून दूर ढकलला. लांब हो.

गाडी हलली नाही.

मग दाराच्या कडीवरचा हात चाकावर परत गेला आणि ते एवढं धूड गव्हाच्या ट्रकसारखं अलगद बाजूला सरकलं. फांदी सुटली. सेल्मरनं तळवा आपल्याकडे ओढला. जवळ ये. आली. मूठ वळली. अशीच राहा. राहिली, सरळ, मागं मागं, ना घाई ना झटका. सेल्मरला बघणाऱ्यांची शुद्धच नव्हती. त्याला कापलेल्या गव्हाचा वास आला आणि त्याच्या मनात आलं, की आयुष्यभर आपण समजत होतो, हात आपण करतो म्हणून ट्रक चालतो. हात करणं सोपं होतं. त्या हातावर एवढ्या वर्षांत कधी शंका न घेता, धूळ डोळ्यांत जात असताना, बाजूला चालत राहणं, हे खरं काम होतं. ते तिनं केलं होतं आणि आताही तीच करत होती, एका अर्ध्या आंधळ्याच्या हातावर भरवसा ठेवून, दोन डझन माणसांसमोर.

खांब हातभर उरला. कठडा हातभर उरला.

सेल्मरनं टोपी काढली.

इंजिन बंद झालं. लॉर्न वीब म्हणाला, "मी तर बाबा असं कधी पाहिलं नाही," आणि तेवढं म्हणून खरोखरच त्याची गार कॉफी प्यायला लागला.

आर्डिस उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या शिडीवर चढून फांदी लागली होती तिथं छपरावर हात फिरवला. लिंबाचा हिरवा चिकट डाग होता, ओरखडा नव्हता. तिनं डाग खिशातल्या रुमालानं पुसला आणि सेल्मरपाशी येऊन उभी राहिली. तो अजून टोपी हातात धरून तसाच उभा होता. टकलावर घाम होता आणि डोळेही कोरडे नव्हते.

"आर्डिस," तो म्हणाला, "तुझ्याएवढं चांगलं चालवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हे मी पूर्वीच सांगायला हवं होतं."

"पूर्वी तुझं तोंड कामात असायचं," ती म्हणाली. पण तिनं त्याच्या दंडाला धरलं, आणि धरलेलं सोडलं नाही. मग दुसऱ्या हातानं कोरीनला फोन लावला.

"गाडी जागेवर लागली," एवढंच सांगितलं तिनं. कुणी लावली, असा पलीकडून प्रश्न आला. "दोघांनी," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली, झटकली, आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"घालून ठेव," ती म्हणाली. "ऊन आहे इथं."